नेली, किती बदललीस गं!

‘लग्नाआधी किती साधी होती, आता बघा!’ किंवा ‘पोर झाल्यावर बाई पार बदलली!’ असली वाक्यं आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलेली असतात. साडीवरून ड्रेसवर आलं तरी ऐकावं लागतं, नोकरी धरली तरी ऐकावं लागतं आणि सोडली तरी. बाईने आपली रीत बदलली की लोकांना पहिल्यांदा वाटतं, हिला कुणीतरी बिघडवलं. तिने स्वतः विचार करून ठरवलं असेल, हे काही कुणाच्या डोक्यात येत नाही.

मैत्रिणींनो, हे सगळं जगभर ऐकून घेतलेल्या एका गायिकेची आज ओळख करून घेऊ या. तिचं नाव नेली फुर्टाडो. गिटार घेऊन, साध्या कपड्यांत, पक्ष्यासारखं उडून जाण्याचं गाणं म्हणणारी ही मुलगी २००६ साली एकदम नाचाच्या गाण्यांवर आली. ढोलताशा अंगात यावा तसा ठेका, त्यात लॅटिन अमेरिकेचा रंग आणि शब्दही धीट. जुने चाहते म्हणाले, ‘ही विकली गेली!’ खरंच तसं होतं का?

हॉटेलच्या खोल्या झाडणारी मुलगी

फुर्टाडो हे आडनाव वाचून तुम्हाला गोवा आठवला असेल. आपल्या गोव्यात हे आडनाव आहेच, शिवाय मुंबईत धोबीतलावला ‘फुर्टाडोज्’ हे वाद्यांचं जुनं दुकानही प्रसिद्ध आहे. आडनाव पोर्तुगीज, पण नेलीचं घराणं गोव्याचं नव्हे. अटलांटिक महासागरात पोर्तुगालची अझोर्स नावाची बेटं आहेत. तिथल्या साओ मिगेल बेटावरून तिचे आईवडील पोटापाण्यासाठी कॅनडाला गेले. तिथे व्हिक्टोरिया या गावी २ डिसेंबर १९७८ ला नेलीचा जन्म झाला. जिम्नॅस्ट नेली किमच्या नावावरून तिचं नाव ठेवलं.

घर कष्टकऱ्यांचं. आई हॉटेलात खोल्यांची साफसफाई करायची. नेली शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर त्याच कामाला जायची. चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं. एकदोन नव्हे, तब्बल आठ उन्हाळे! पुढे नाव झाल्यावरही तिने हे कधी लपवलं नाही. उलट मेहनतीची सवय आपल्याला तिथेच लागली, असं ती सांगत आली.

गाण्याची सुरुवातही आईबरोबरच झाली. चार वर्षांची असताना पोर्तुगाल दिनाच्या कार्यक्रमात आईच्या जोडीने ती पोर्तुगीज गाणं म्हणाली. पुढे युकुलेली आणि ट्रॉम्बोन शिकली. घरात पोर्तुगीज गाणी, बाहेर मैत्रिणींबरोबर हिप-हॉप आणि आर अँड बी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

शाळा संपल्यावर ती टोरांटोला गेली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी गाणं. १९९७ मध्ये ‘हनी जॅम’ या फक्त मुलींसाठी असलेल्या गाण्याच्या कार्यक्रमात तिला काही जाणत्या संगीतकारांनी हेरलं. ऑक्टोबर २००० मध्ये ‘होआ, नेली!’ हा पहिला अल्बम आला. त्यातल्या ‘आय अ‍ॅम लाइक अ बर्ड’ या गाण्याला २००२ साली ग्रॅमी मिळालं. झालं! लोकांनी तिच्यावर शिक्का मारून टाकला – नेली म्हणजे गोड, मोकळी, निसर्गात रमणारी पोर.

आई झाल्यावर

२००३ च्या सप्टेंबरात तिला मुलगी झाली. नाव नेव्हिस. दुसरा अल्बम ‘फोकलोर’ तिने पोटुशी असतानाच रेकॉर्ड केला. त्यात बॅन्जो होता, आपल्या मुळांचा शोध होता, बाळासाठी म्हटलेलं गाणं होतं. ‘पावरलेस’ या गाण्यात, बाजारासाठी आपला परकेपणा घासून-पुसून गुळगुळीत केला जातो याबद्दलची तिची तक्रार होती. याच गाण्याचं एक भांगडा रूप कॅनडातल्या ‘जोश’ या देशी जोडीबरोबर निघालं होतं बरं का! अल्बम मनापासून केलेला होता, पण पहिल्याइतका खपला नाही. त्याच सुमारास तिची रेकॉर्ड कंपनीही दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेली. २००५ मध्ये मुलीच्या वडिलांपासून ती वेगळी झाली.

आता विचार करा. वय सत्तावीस, पदरात लहान मूल आणि मागचा अल्बम फारसा न चाललेला. अशा वेळी सगळे काय सल्ला देतील? ‘आता जपून! पूर्वी चाललं होतं तेच कर.’ नेलीने नेमकं उलटं केलं.

ती मायामीला गेली. तिथे टिंबालँड हा हिप-हॉपमधला नावाजलेला निर्माता आणि त्याचा जोडीदार डांजा यांच्याबरोबर काम सुरू केलं. ‘मॅनईटर’ हे गाणं करताना स्टुडिओतल्या एका स्पीकरमधून चक्क आगीची ज्वाळा निघाली. ही मंडळी इतकी चरकली, की ते गाणं काही आठवडे बाजूलाच ठेवलं. हा किस्सा नेलीनेच सांगितला आहे.

जून २००६ मध्ये ‘लूज’ हा अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला. ‘प्रॉमिस्क्युअस’ हे गाणं तिथल्या यादीत सहा आठवडे पहिलं राहिलं. पुढे ‘से इट राइट’ही पहिलं आलं. जगभरात या अल्बमच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्याचं सांगितलं जातं.

मग बोलणीही सुरू झाली. आई असून असली गाणी? ‘प्रॉमिस्क्युअस’ हा शब्द म्हणजे बाईला चारित्र्यावरून हिणवण्यासाठी वापरला जाणारा. तो तिने सरळ गाण्याचं नाव म्हणून घेतला. गाणं ऐकाल तर ती एक जुगलबंदी आहे. तो एक टोला मारतो, ती दुसरा परतवते, आणि कुणीच कुणापुढे कमी पडत नाही. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची आठवण यावी असं. आता ते प्रत्येकीला आवडेलच असं नाही. मुलांसमोर लावायला मलाही अवघड वाटेल, खोटं कशाला बोलू? पण ‘तिला कुणीतरी नाचवलं’ हे काही पटत नाही. टिंबालँडशी तिची ओळख २००१ पासूनची. त्याच वर्षी मिसी एलियटच्या गाण्याच्या नव्या रूपात ती गायलीही होती. टोरांटोत धडपडत असताना ‘नेलस्टार’ नावाची तिची जोडी याच ठेक्याच्या जवळचं काहीतरी करत होती. म्हणजे शाळेतल्या मैत्रिणींबरोबर ऐकलेलं हिप-हॉप तिच्या गाण्यात आधीपासून होतं. गिटारच्या आवाजात ते आपल्याला ऐकू आलं नाही, एवढंच.

बहीण-भाषेचं दार

लॅटिन रंगाचंही तसंच. स्पॅनिश ही नेलीची घरची भाषा नव्हे, घरची पोर्तुगीज. पण या दोन भाषा म्हणजे आपल्या मराठी-कोंकणीसारख्या सख्ख्या बहिणी. एक येत असली की दुसरीचं दार किलकिलं होतंच. २००२ मध्येच कोलंबियाचा गायक हुआनेस याच्याबरोबर ती स्पॅनिश द्वंद्वगीत गायली होती. २००४ मध्ये युरो फुटबॉल स्पर्धेचं गाणं तिने केलं आणि लिस्बनमध्ये अंतिम सामन्याच्या वेळी, आईवडिलांच्या देशात उभं राहून, ते म्हटलं.

‘लूज’मध्ये तिने रेगेटॉनला हात घातला. हा प्रकार पनामा आणि पोर्तो रिकोमधला. जमैकाच्या ठेक्यावर स्पॅनिश रॅप म्हणायचं; मूळचा गरीब वस्त्यांतला, ‘सभ्य’ लोकांनी नाकं मुरडलेला. पुढे २०१७ मध्ये ‘देस्पासितो’ आपल्याकडे लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलं, त्याच्याही अकरा वर्षं आधीची ही गोष्ट.

तीन वर्षांनी, २००९ मध्ये, तिने आणखी मोठी उडी मारली. ‘मी प्लान’, म्हणजे ‘माझा बेत’, हा अख्खा अल्बम स्पॅनिशमध्ये केला. इंग्रजीत यश हात जोडून उभं असताना! तोही स्वतःची कंपनी काढून, आणि कंपनीला नाव दिलं जुन्या जोडीचंच, ‘नेलस्टार’. २०१० मध्ये त्याला लॅटिन ग्रॅमी मिळालं. नुसता पैसाच हवा असता तर ‘लूज’ची दुसरी आवृत्ती काढणं किती सोपं होतं!

चूक आणि भरपाई

या यशाच्या दिवसांत तिच्या हातून सगळं बरोबरच झालं असं नाही. २००७ मध्ये इटलीतल्या एका हॉटेलात लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या कुटुंबासाठी ४५ मिनिटं गायचे तिने दहा लाख डॉलर घेतले. २०११ मध्ये लिबियात रक्तपात सुरू झाला, तेव्हा तिने स्वतःहून ही गोष्ट जाहीर केली आणि ती रक्कम देऊन टाकली. त्यातून केनियात मुलींच्या शाळेसाठी मदत झाली. चार वर्षं उशीर झाला खरा, पण मोठं नाव असताना ‘हे माझं चुकलं’ म्हणून पैसे परत करणारे तरी किती असतात?

पुढचे अल्बम तेवढे गाजले नाहीत. मधली काही वर्षं ती जवळजवळ दिसेनाशी झाली. आणखी दोन मुलं झाली, संसार झाला. २० सप्टेंबर २०२४ ला ‘७’ हा अल्बम घेऊन ती परत आली. योगायोग बघा, त्याच दिवशी नेव्हिसला एकविसावं लागल्यावर एक वर्ष सरून ती पूर्ण एकवीस वर्षांची झाली. २०२५ मध्ये नेली कार्यक्रम करत होती, तेव्हा तिच्या वजनावरून टोमणे मारणारेही निघाले. म्हणजे आधी ‘बारीक होऊन उघडं नाचते’ म्हणून बोलायचं, नंतर ‘जाड झाली’ म्हणून!

ऑक्टोबर २०२५ मध्ये, पहिल्या अल्बमला बरोबर पंचवीस वर्षं झाली तेव्हा, तिने रंगमंचावरून गाणं थांबवत असल्याचं सांगितलं. गाणी लिहिणं मात्र सोडणार नाही, असंही सांगून ठेवलं. गिटार तिने ठरवून ठेवली, नाच ठरवून धरला, भाषा ठरवून बदलली आणि थांबलीही तशीच.

तेव्हा पुढच्या वेळी शेजारच्या एखादीला ‘किती बदललीस गं!’ म्हणायला तोंड उघडाल, तेव्हा त्याच्या जोडीला ‘कसं ठरवलंस?’ हेही विचारून बघा. चहा ठेवायची तयारी मात्र असू द्या, कारण उत्तर लांबलचक असणार.