गर्भाच्या जननेंद्रियांतील विकृती : श्राव्यातीत निदान

मातेच्या उदरातील गर्भाच्या जननेंद्रियांतील दोष श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने जन्मापूर्वी ओळखता येतात. या तपासणीस व्यवहारात सोनोग्राफी म्हणतात. प्रसूतिविज्ञानातील तिच्या वापराचा पाया इअन डॉनल्ड यांनी ग्लासगो येथे घातला (१९५८).

सुमारे ९ व्या आठवड्यापर्यंत दोन्ही लिंगांच्या गर्भांची बाह्य जननेंद्रिये सारखीच असतात. १४ व्या आठवड्याच्या सुमारास भेद स्पष्ट होतो. दोषांचा शोध मुख्यतः १८ ते २२ आठवड्यांत घेतात. मूत्रमार्गाचे द्वार शिश्नाच्या खालच्या बाजूस असल्यास शिश्न आखूड, बोथट व वाकलेले दिसते. योनिमार्गात अडथळा असल्यास मूत्राशयामागे द्रवाने भरलेली पिशवी दिसू शकते. वृषणे मात्र सातव्या महिन्याच्या सुमारास मुष्कात उतरत असल्याने त्यापूर्वी ती तेथे न दिसणे हा दोष नव्हे.

सर्वांत महत्त्वाचा विकार अधिवृक्क ग्रंथींचा होय. एका एंझाइमाच्या अभावी या ग्रंथींत पुं-हॉर्मोने अतिरिक्त प्रमाणात तयार होतात व मुलीची बाह्य जननेंद्रिये मुलासारखी बनतात. तीव्र प्रकारात जन्मानंतर एक ते तीन आठवड्यांत शरीरातील लवणे घटून अर्भक दगावू शकते. वेळीच हायड्रोकॉर्टिसोन दिल्यास ते वाचते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत हा विकार होण्याची शक्यता २५% असते. सोलापूर व लगतच्या कर्नाटक-तेलंगण भागांत मामा-भाची व आते-मामे भावंडे यांच्या विवाहांची रूढी आहे. अशा नात्यात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो.

भारतात या निदानाला कायद्याची मर्यादा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर निर्बंध घातले. केंद्रीय अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये अधिक कडक झाला. तो अनाठायी नाही : महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, तर २०११ मध्ये ८९४ होत्या. या अधिनियमानुसार जन्मजात दोष शोधणे विधिसंमत, पण शब्दांनी, खुणेने वा अन्य रीतीने लिंग कळविणे दंडनीय आहे. काही दोषांचे नावच लिंग उघड करते, ही खरी अडचण होय. परिणामी नेहमीच्या अहवालात जननेंद्रियांचे वर्णन सहसा नसते व बहुतेक दोष जन्मानंतरच लक्षात येतात.

म्हणून नवजाताची तपासणी निर्णायक ठरते. मुलगा समजल्या गेलेल्या अर्भकाची दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील, तर ती वरील विकार असलेली मुलगी असू शकते. अशा वेळी लिंग घोषित करण्याची घाई न करता रक्तातील सोडियम, पोटॅशियम व हॉर्मोने तपासतात आणि गुणसूत्र-परीक्षा करतात.