रानांतील अळंबीं : त्यांचा हंगाम, ओळख आणि विषबाधा

मृगाचा पाऊस पडून जमीन निवली, आणि आर्द्रेच्या सरींमागून दोन-चार दिवस उघडीप होऊन दमट ऊन पडलें, कीं कोंकणपट्टींत व गोमंतकांत लोकांची दृष्टि बांधांकडे आणि वारुळांकडे वळूं लागते. अळंबीं उगवण्याचा काल तो हाच. कोंकणांत ज्यांस अळंबीं म्हणतात त्यांस गोमंतकांत अळमीं, विदर्भांत सात्या किंवा टेकोडे, आणि देशावर भूछत्र अथवा कुत्र्याची छत्री म्हणतात. ह्या शेवटल्या नांवावरूनच देशावरील लोकांचा ह्या पदार्थाविषयींचा अनादर दिसून येतो.

अळंब्यांसंबंधानें आमच्या शेतकरी बंधूंत दोन टोकांचीं मतें आढळतात. एक वर्ग म्हणतो कीं, हें सर्व विष आहे, ह्यास हातच लावूं नये. दुसरा म्हणतो कीं, शिजवितांना चांदीचें नाणें काळें पडलें नाहीं म्हणजे खुशाल खावें. पहिल्या वर्गाच्या समजुतीनें एका चांगल्या अन्नाची हानि होते, इतकेंच. दुसऱ्याच्या समजुतीनें घरचीं माणसें दगावतात. शिवाय आपल्या शेतावर राबणारीं माणसें व त्यांचीं मुलें पावसाळ्यांत हीं अळंबीं वेंचून खातात. त्यांस योग्य माहिती देणें हें जमीनधारकाचें कर्तव्य आहे. म्हणून ह्या विषयाची थोडी सविस्तर चर्चा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अळंबें म्हणजे काय ?— अळंबें ही वनस्पति नव्हे. तें एका प्रकारच्या बुरशीचें फळ होय. आंब्याचें झाड जमिनीवर असतें व फळ त्यास लागतें. येथें झाड जमिनींत किंवा कुजक्या लांकडांत दडलेलें असतें आणि फळ तेवढें वर येतें. हें झाड म्हणजे कापसाच्या तंतूंहूनहि बारीक अशा पांढऱ्या धाग्यांचें जाळें. त्यांत हिरवा रंग नसल्यामुळें त्यास सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतां येत नाहीं. पालापाचोळा, लांकूड, शेण कुजवून, अथवा जिवंत झाडाच्या मुळांशीं देवघेव करून तें आपली उपजीविका करतें. पुरेशी ओल व ऊब मिळाली कीं तें फळ वर पाठवितें, आणि त्या फळाच्या टोपीखालीं असलेल्या पातळ पट्ट्यांमधून, ज्यांस कल्ले म्हणतात, धुळीसारखे बीजाणु गळून वाऱ्यावर पसरतात. ताज्या अळंब्यांत शंभरांत सुमारें नव्वद भाग पाणी असतें. म्हणूनच तीं एका रात्रींत फुगून वर येतात आणि तितक्याच त्वरेनें नासतात.

वाळवी आणि अळंबें.— आमच्या प्रांतीं अत्यंत रुचकर मानिलेलीं अळंबीं वारुळावर येतात, हा योगायोग नव्हे. वाळवीच्या कांहीं जाती बुरशीची शेतीच करतात. कामकरी वाळवी बाहेरून लांकूड, गवत व पाला खाऊन आणते, आणि त्यापासून वारुळाच्या पोटांत स्पंजासारखे सच्छिद्र गड्डे रचते. त्या गड्ड्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढते. वाळवीस न पचणारा लांकडाचा कठीण भाग ती बुरशी मऊ करते, आणि तिच्यावर उगवणारे बारीक पांढरे दाणे व जुना झालेला गड्डा हें वाळवीचें अन्न होतें. दोघींपैकीं एकीवांचून दुसरीचें चालत नाहीं. ह्या बुरशीच्या वर्गास फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम ह्यांनीं १९४२ सालीं टर्मिटोमायसीस असें नांव दिलें. त्यांच्याच नांवावरून दक्षिण हिंदुस्थानांतील एका जातीस १९७९ सालीं हाइमी हें नांव मिळालें.

पावसाळ्यांत ह्या गड्ड्यांपासून एक लांब मुळासारखा दांडा माती भेदीत वर येतो आणि पृष्ठभागीं टोपी उघडतो. गड्डा जागच्या जागीं राहत असल्यामुळें अळंबीं वर्षानुवर्षें त्याच ठिकाणीं येतात, आणि कित्येक घराण्यांत ती जागा बाहेरच्यास सांगत नाहींत.

हंगाम.— पावसाच्या आरंभीं, मृग-आर्द्रांच्या सुमारास, रुपयाएवढ्या किंवा त्याहून लहान टोपीचीं बारीक अळंबीं वारुळाजवळच्या जमिनीवर शेंकड्यांनीं दिसूं लागतात. ह्याच दिवसांत बस्तर व झारखंडाकडील साल वृक्षांच्या रानांत जमिनींतून गोल फुगे निघतात. त्यांस तिकडे बोडा व रुगडा म्हणतात. ते साल वृक्षाच्या मुळांशीं संबंध ठेवून वाढत असल्यामुळें वृक्ष तुटला कीं तेहि संपतात. पुनर्वसु, पुष्य आणि आश्लेषा हा कोंकण-गोमंतकांतील मोठ्या अळंब्यांचा भर होय. म्हणजे स्थूलमानानें जुलईच्या आरंभापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पेंढ्याच्या भिजलेल्या गंजीवर व मेलेल्या ओंडक्यांवरहि ह्या काळांत निरनिराळ्या जाती उगवतात. हस्ताचा पाऊस सरून जमीन वाळूं लागली कीं आमच्याकडील हंगाम आटोपतो. हिंवाळ्या-उन्हाळ्यांत धागे जमिनींत निजून असतात. हिमालयांत मात्र ह्याच्या उलट क्रम आहे. तेथील मोलाची गुच्छी बर्फ वितळूं लागल्यावर, वसंत ऋतूंत निघते.

खोट्या परीक्षा.— विषारी अळंबें ओळखण्याच्या ज्या परीक्षा लोकांत रूढ आहेत त्यांपैकीं एकहि भरंवशाची नाहीं. चांदीचें नाणें, लसूण, कांदा किंवा तांदूळ काळा न पडणें. किड्यांनीं, गोगलगायींनीं किंवा गुरांनीं तें खाल्लेलें असणें. टोपीची साल सहज निघणें. रंग पांढरा असणें. वास गोड असणें. ह्यांपैकीं कशावरूनहि अळंबें निर्विष ठरत नाहीं. अतिशय घातक अशा अमानिता वर्गांतील कांहीं जाती शुभ्र पांढऱ्या, सुवासिक आणि चवीलाहि चांगल्या असतात. त्यांतील अमॅटॉक्सिन नांवाचें विष उकळल्यानें, तळल्यानें अथवा वाळविल्यानें नाहींसें होत नाहीं. चिंच, हळद किंवा मीठ ह्यांनीं विष मरतें हीहि समजूत निराधार आहे.

ओळख.— वारुळावरील मोठ्या अळंब्याच्या टोपीच्या मध्यभागीं भाल्याच्या टोंकासारखा उंचवटा असतो. त्याच्या योगें तें माती भेदून वर येतें. दांडा जमिनींत मुळासारखा निमुळता होत खोल जातो, आणि कधीं कधीं हात-दीड हात खालीं गड्ड्यापर्यंत पोंचतो. दांड्याच्या बुडाशीं पिशवी नसते. बीजाणूंचा रंग फिकट गुलाबी असतो. अमानिता वर्गांत ह्याच्या उलट बुडाशीं पिशवी किंवा वाटीसारखें वेष्टन असतें, दांड्यावर बहुधा कडें असतें, आणि बीजाणु पांढरे असतात. ती पिशवी जमिनींत राहते; म्हणून वरच्यावर खुडलेल्या अळंब्यावरून कांहींच निर्णय करूं नये. ज्या गोल फुग्याची जात ओळखावयाची असेल तो उभा चिरून पाहावा. आंत टोपी-दांड्याची आकृति दिसल्यास तो फुगा नसून न उमललेलें अळंबें आहे, आणि तें अमानिता असूं शकतें. आंतून जांभळट काळा निघालेला फुगाहि टाकून द्यावा.

कुरणांत व खत पडलेल्या गवतांत पावसाळ्यांत एक मोठें छत्र येतें. टोपी पांढरी, तिच्यावर तपकिरी खवले, दांड्यावर सरकणारें कडें, आणि कल्ले आरंभीं पांढरे पण पुढें हिरवट. हें क्लोरोफायलम होय. उष्ण देशांतील पुष्कळशी विषबाधा ह्याच्यापासून होते, कारण कोंवळेपणीं तें खाण्यायोग्य छत्रासारखें दिसतें. बीजाणूंचा रंग पाहण्यास टोपी कापून, कल्ले खालीं करून, अर्ध्या काळ्या व अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर वाटीखालीं झांकून ठेवावी. सकाळीं हिरवट अथवा पांढरा ठसा दिसल्यास तें अळंबें खाऊं नये. परंतु ठसा गुलाबी आला एवढ्यावरून तें खाद्य ठरतें असेंहि नाहीं. गुलाबी बीजाणूंच्याहि विषारी जाती आहेत. ह्या खुणा नाकारण्यासाठीं आहेत, स्वीकारण्यासाठीं नव्हेत. जें अळंबें त्याच ठिकाणीं वर्षानुवर्षें घेणाऱ्या जाणत्या माणसानें, मुळासकट पाहून, हातीं दिलें तेंच खावें. एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत गेलेल्या मनुष्यानें तर आपल्या जुन्या ओळखीवर मुळींच विसंबूं नये.

विषबाधा झाल्यास.— क्लोरोफायलमसारख्या विषानें तासा-तीन तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. रोगी फार थकतो, पण बहुधा बरा होतो. अमॅटॉक्सिनची रीत निराळी व फसवी आहे. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ, कांहींच होत नाहीं. मग पटकीसारखे ढाळ व वांत्या होतात. त्या थांबून रोग्यास एखादा दिवस आराम वाटतो, आणि घरचे लोक संकट टळलें असें समजतात. त्याच वेळीं आंत यकृताचा नाश चाललेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कावीळ दिसूं लागते, आणि पुढें रोगी दगावूं शकतो. ह्या विषावर खात्रीचा असा उतारा नाहीं. जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितकी आशा अधिक. १९२२ सालासारख्या जुन्या काळाची ही गोष्ट नव्हे. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यांत वरच्या आसामांत रानांतील अळंबीं खाऊन तेरा माणसें मरण पावलीं, आणि त्यांतील बहुतेक चहाच्या मळ्यांवर राबणारीं होतीं.

यास्तव, संशय येतांच घरगुती उपायांत वेळ न घालवितां रोग्यास मोठ्या इस्पितळांत न्यावें. त्याच ताटांतून ज्यांनीं ज्यांनीं खाल्लें त्या सर्वांस, त्यांस कांहीं होत नसलें तरी, सोबत न्यावें. उरलेलीं कच्चीं व शिजविलेलीं अळंबीं कागदांत गुंडाळून बरोबर द्यावींत, आणि खाल्ल्याची व त्रास सुरू झाल्याची वेळ डॉक्टरांस सांगावी.

वेंचण्याचे नियम.— निरनिराळ्या जाती एका टोपलींत मिसळूं नयेत. सडकेच्या कडेचीं, कारखान्याच्या सांडपाण्याजवळचीं, अथवा ज्या वारुळांत वाळवीचें औषध ओतलें आहे त्यावरचीं अळंबीं घेऊं नयेत. वेंचलेलीं त्याच दिवशीं शिजवून खावींत. कच्चीं कधींहि खाऊं नयेत. नवीन माणसानें प्रथम थोडींच खावींत, कारण खाद्य जातीहि कित्येकांस सोसत नाहींत. ओळखीसाठीं एखाद्याचें मूळ उकरून पाहिलें तर हरकत नाहीं, परंतु बाकीचीं हलक्या हातानें पिळून काढावींत. कुदळीनें खणल्यास आंतील गड्डा फुटतो आणि पुढील वर्षांचें पीक बुडतें.

कळ्या तेवढ्या महाग विकल्या जातात म्हणून सगळ्या कळ्याच उपटण्याची चाल पडली आहे. तिचा परिणाम वाईट आहे. पंख फुटून उडालेल्या वाळवीचें नवें वारूळ वसतें, तेव्हां बहुतेक जातींत तिच्या कामकऱ्यांस बुरशीचें बीं बाहेरूनच मिळवावें लागतें. आणि तें बीं म्हणजे उमललेल्या अळंब्यांनीं सोडलेले बीजाणु होत. एकहि अळंबें उमलूं दिलें नाहीं तर हें बीं येणार कोठून ? प्रत्येक जागीं चतुर्थांश तरी अळंबीं पुरतीं उघडून वाळेपर्यंत राखावींत, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत ह्यांनीं गोमंतकांतील वारुळांवरील अळंब्यांच्या रक्षणाची बाजू वारंवार मांडली आहे. राखीव वनांतील उपज परवानगीवांचून काढण्यास १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें मनाई आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मात्र हक्कदार वननिवासींचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. हा भेद ध्यानांत ठेवावा.

वारुळाचें काय करावें ?— वाळवी ही शेतकऱ्याची शत्रु आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. ऊंस, गहूं, भुईमूग व नारळाचीं रोपें ह्यांचें ती नुकसान करते. तेथें तिचा बंदोबस्त अवश्य करावा. परंतु पडीक बांधावर, देवराईंत किंवा माळावर जें वारूळ कोणाचें कांहीं बिघडवीत नाहीं, तें केवळ संवयीनें फोडण्यांत किंवा त्यांत विष ओतण्यांत लाभ कोणता ? श्रावणांत नागपंचमीस आपण वारुळाची पूजा करतों आणि त्या दिवशीं जमीन खणीत नाहीं. ज्यांनीं ही चाल पाडली त्यांच्या मनांत काय होतें तें असो. तो दिवस अळंब्यांच्या ऐन हंगामांत येतो एवढें खरें.

ज्यांस अळंबीं विकून उत्पन्न करावयाचें आहे त्यांनीं रानावर भार न टाकतां लागवडीचीं घ्यावींत. वारुळावरचीं अळंबीं लावून काढण्याची किफायतशीर रीत अद्याप साधलेली नाहीं. परंतु धिंगरी भाताच्या पेंढ्यावर सहज होते. पेंढा तुकडे करून रात्रभर भिजवावा, कढत पाण्यांतून काढून निथळावा, आणि थर देत बीं पेरून भोंकें पाडलेल्या पिशव्यांत भरावा. दोन-तीन आठवड्यांत पांढरी बुरशी पेंढाभर पसरते; मग पिशवी काढून पाणी शिंपडीत गेल्यास पीक येतें. ह्या विषयाचें संशोधन हिमाचल प्रदेशांत सोलन येथील सरकारी संस्थेंत १९८३ पासून चालू आहे. उरलेला पेंढा खतास उपयोगी पडतो.

सारांश, ओळखीचें तेवढेंच खावें, संशयाचें टाकावें, आणि आज जेथें वेंचलें तेथें पुढील वर्षासाठीं कांहीं ठेवावें. हें आपण पाळावेंच. पण आर्द्रा लागण्यापूर्वीं आपल्या शेतावरील गडीमाणसांस एकत्र बसवून, चांदीच्या नाण्याची परीक्षा खोटी आहे एवढें तरी प्रत्येकानें सांगावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.