घड्याळाचा जबाब

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना झाला, हे लातूरकडील प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. परंतु भूकंपाचे केंद्र शोधणाऱ्या शास्त्रज्ञास मिनिटांचा हिशेब पुरत नाही, कारण भूकवचातून प्राथमिक लहर सेकंदास सुमारे सहा किलोमीटर धावते आणि मापनकेंद्राचे घड्याळ एका सेकंदाने चुकल्यास अंतराच्या गणितात जवळजवळ तेवढ्याच किलोमीटरांचा घोटाळा संभवतो. म्हणूनच घड्याळाने नुसती वेळ सांगून भागत नाही. ती कोणाकडून घेतली, शेवटची रुजवात कधी झाली, फरक किती आढळला, याचा जबाबही त्यास मागता आला पाहिजे.

हा जबाब कसा घेतात ते, नांदेड व लातूर अशा दोन्ही ठिकाणी महाविद्यालये असणाऱ्या एका शिक्षणसंस्थेच्या नांदेड येथील सर्व्हरखोलीत मी पाहिले. तेथील व्यवस्थापकांनी ‘एनटीपीक्यू’ ही आज्ञा देताच पडद्यावर तक्ता उमटला. ज्या वेळदात्यावर यंत्र त्या क्षणी विसंबून होते त्याच्या नावापुढे तारांकन होते, आणि विलंब, फरक व कंप मिलिसेकंदांत मांडलेले होते. त्यांचे बोट मात्र प्रथम ‘रीच’ या रकान्यावर गेले. “आधी हे बघा सर, वेळ नंतर,” ते म्हणाले. हा आकडा अष्टमान पद्धतीचा. 377 म्हणजे मागील आठही पृच्छांना उत्तर आले. 376 म्हणजे अगदी ताजी पृच्छा निरुत्तर राहिली. आणि 357 दिसल्यास शेवटून पाचवी पृच्छा वाया गेली, पुढच्या चार पोचल्या, असे अनुभवी माणूस एका दृष्टिक्षेपात वाचतो. तीन अंकांत एवढा ताजा इतिहास साठविणारी ही योजना मला अत्यंत सुंदर वाटते.

या प्रश्नोत्तरांचा साचा, जाळ्यावरून घड्याळे जुळविणाऱ्या ‘एनटीपी’ या संकेताचे जनक डेव्हिड मिल्स यांनी, इंटरनेटच्या ‘आरएफसी’ मालिकेतील 1992 च्या 1305 क्रमांकाच्या पत्रकाच्या परिशिष्टात घालून दिला: बारा बाइटांचे शीर्ष, त्यात संदेशाचा सहावा प्रकार (मोड), हुकुमाचा अंक, अनुक्रमांक व स्थितिदर्शक शब्द, आणि त्याखाली नाव व मूल्य यांच्या जोड्यांचा साधा वाचनीय मजकूर, एका खेपेस फार तर 468 बाइट. एनटीपीच्या 2010 च्या चौथ्या आवृत्तीच्या संहितेत हे परिशिष्ट आलेच नाही. यंत्रे मात्र जुन्या साच्यातच बोलत राहिली, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये 9327 क्रमांकाच्या पत्रकाने तो नव्याने लेखनिविष्ट झाला, तोही ‘ऐतिहासिक’ या वर्गात. त्याच वर्षी जुलैत 9249 व्या पत्रकाने वेगळा, आधुनिक नमुना दिला होता. नांदेड व लातूर येथील सर्व्हरखोल्यांपर्यंत तो पोचलेला नाही.

प्रश्न विचारण्याची मुभा सर्वांस देता येत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ‘मॉनलिस्ट’ या सातव्या प्रकारातील हुकुमास यंत्र सहाशेपर्यंत पत्ते परत पाठवी. खोट्या पत्त्यावरून छोटा प्रश्न टाकून भलत्याच्याच माथी उत्तरांचा पूर लोटण्याचे प्रकार 2013 च्या अखेरीस व 2014 च्या प्रारंभी जगभर झाले. नांदेडच्या यंत्रास म्हणूनच संस्थेबाहेरून कोणी जबाब विचारू शकत नाही.

लातूरचे यंत्र संस्थेच्याच जाळ्यात आहे. तरीही नांदेडहून केलेल्या पृच्छेस ते मूक राहिले, कारण तेथे ‘क्रोनी’ ही प्रणाली आहे, वेळ ती तितक्याच निष्ठेने देते, पण सहाव्या प्रकारचे प्रश्न ती ओळखत नाही. तिची स्वतःची निराळी पद्धत आहे. मग दूरध्वनी झाला. पलीकडून आकडे वाचले जाऊ लागले आणि इकडे नोंदवहीत उतरू लागले. रीच दोहोंकडे एकाच अर्थाचा. परंतु फरकाच्या रकान्यातील अधिक चिन्हाचा अर्थ नांदेडच्या तक्त्यात ‘आपले घड्याळ मागे’ असा, तर लातूरच्या तक्त्यात ‘आपले घड्याळ पुढे’ असा होतो. हा विरोध ज्यास ठाऊक नाही तो प्रामाणिकपणे उतरवूनही खोटी नोंद करील, आणि म्हणून प्रश्नोत्तरांचा एकच मान्य नमुना यंत्राइतकाच आवश्यक आहे, असे माझे ठाम मत झाले. व्यवस्थापकांनी लातूरचा अधिक खोडला, तेथे उणे लिहिले, शेजारी तारीख टाकून आद्याक्षरी केली आणि पुढील ओळीचा आकडा विचारला.