अनाथाश्रम ते हायस्कूल : वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा आणि जेझुइट शिक्षणाचे ध्येय

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाच्या इतिहासात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांचा उल्लेख आवर्जून केला जातो. परंतु तो बहुधा अमेरिकन मराठी मिशन, डॉ. जॉन विल्सन अशा प्रॉटेस्टंट प्रयत्नांपुरता मर्यादित राहतो. कॅथलिक शाळांचा विचार मात्र ‘शिस्त’ आणि ‘इंग्रजी’ या दोन शब्दांत आटोपला जातो. या शाळा कोणासाठी स्थापन झाल्या, त्यांत शिकणारा वर्ग कसा बदलत गेला आणि त्या बदलाबरोबर शाळेच्या ध्येयाचा अर्थ कसा बदलला, याची चर्चा क्वचितच होते.

मुंबई उपनगरातील वांद्रे येथील सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. १८६३ मध्ये एतद्देशीय अनाथ मुलांसाठी सुरू झालेली ही संस्था १९२३ मध्ये हायस्कूल झाली आणि पुढे उपनगरातील नामांकित इंग्रजी शाळांत गणली जाऊ लागली. प्रस्तुत लेखात या वाटचालीच्या आधारे एक प्रतिपादन केले आहे : कॅथलिक शाळेचे ध्येय तिच्या घोषवाक्यापेक्षा तिच्या प्रवेशद्वारावर अधिक स्पष्टपणे वाचता येते. शाळा कोणाला आत घेते, या प्रश्नाच्या उत्तरातच ते ध्येय दडलेले असते.

१. पार्श्वभूमी : येशूसंघ आणि शिक्षण

संत इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या येशूसंघास (जेझुइट संघास) १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. आरंभी शाळा चालविणे हे या संघाचे मुख्य कार्य नव्हते. १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे नगरवासीयांच्या विनंतीवरून शाळा उघडण्यात आली आणि अल्पावधीत शिक्षण हीच संघाची ओळख बनली. १५९९ मध्ये ‘रेशिओ स्टुडिओरम’ या नावाने ओळखली जाणारी अध्यापनाची नियमावली सर्व शाळांसाठी लागू झाली. पाठाची पूर्वतयारी, वारंवार उजळणी, विद्यार्थ्यांतील चुरस, वादविवाद आणि नाट्यप्रयोग ही तिची वैशिष्ट्ये होत.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. या आरंभीच्या शाळांत विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जात नसे. राजे, सरदार वा नगरसभा यांच्या कायम निधीतून शाळेचा खर्च चाले. शुल्क नसल्यामुळे तत्त्वतः गरीब आणि श्रीमंत एकाच वर्गात बसू शकत. पुढील काळात असा कायम निधी दुर्मीळ झाला आणि शुल्क अपरिहार्य ठरले, तेव्हा जेझुइट शिक्षणापुढे जो पेच उभा राहिला, तो अद्याप सुटलेला नाही.

वांद्र्याशी जेझुइटांचा संबंध जुना आहे. साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना वांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च जेझुइटांनीच सतराव्या शतकाच्या प्रारंभी बांधले. १७३७-३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. १७५९ मध्ये पोर्तुगालने आपल्या प्रदेशातून जेझुइटांना हद्दपार केले आणि १७७३ मध्ये पोपने हा संघच विसर्जित केला. १८१४ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले. १८५० च्या दशकात मुंबईच्या कॅथलिक मिशनची जबाबदारी जेझुइटांकडे, मुख्यतः संघाच्या जर्मन प्रांताकडे आली. त्या वेळी मुंबईतील कॅथलिक समाज पोर्तुगीज राजाश्रयाखालील ‘पाद्रोआदो’ आणि रोमच्या थेट अधिकाराखालील ‘प्रोपागंडा’ अशा दोन धर्मसत्तांत विभागलेला होता. ही दुहेरी व्यवस्था १९२८ पर्यंत टिकली. नव्या धर्मगुरूंना समाजात स्थान मिळवावयाचे होते आणि शाळा हे त्याचे प्रभावी साधन होते.

२. तीन संस्था, तीन समाजघटक

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचे तत्त्व मान्य केले. लौकिक विषयांचे अध्यापन समाधानकारक असेल, तर धर्मसंस्थांच्या शाळाही अनुदानास पात्र ठरू शकत होत्या. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याची मॅट्रिक्युलेशन परीक्षा ही नोकरी व उच्च शिक्षण यांची किल्ली बनली. या अनुकूल परिस्थितीत जेझुइटांनी अवघ्या सहा वर्षांत मुंबई परिसरात तीन संस्था उभ्या केल्या : १८६३ मध्ये वांद्र्याची, १८६४ मध्ये माझगावची सेंट मेरीज आणि १८६९ मध्ये धोबीतलावाची सेंट झेवियर्स.

या तीन संस्था तीन समाजघटकांकडे पाहून उभ्या होत्या. माझगावची संस्था प्रामुख्याने युरोपीय आणि युरेशियन मुलांच्या निवासी शिक्षणासाठी ओळखली जाई. धोबीतलावाच्या शाळेत शहरातील निरनिराळ्या धर्मांच्या सुस्थित कुटुंबांतील मुले घरून ये-जा करून शिकत. वांद्र्याच्या संस्थेचे मूळ नावच ‘नेटिव्ह बॉइज ऑर्फनेज’, म्हणजे एतद्देशीय मुलांचा अनाथाश्रम, असे होते. ख्रिस्ती धर्मात सर्व मानव समान मानले गेले असले, तरी वसाहतकालीन समाजातील वर्णभेदाची रेषा धर्मसंस्थेच्या अंगणातूनही गेली होती, हे ‘नेटिव्ह’ या एका शब्दावरून स्पष्ट होते. ही रेषा केवळ मिशनऱ्यांनी आखली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी व्यवस्थेतही युरोपीय मुलांच्या शाळांसाठी स्वतंत्र नियम आणि अनुदाने होती. तथापि, ती रेषा मिशनने स्वीकारली होती, हेही तितकेच खरे.

असे असूनही, तिन्ही संस्थांपैकी सर्वांत आधी सुरू झालेली संस्था ही ज्यांच्या पाठीशी कोणीही नाही अशा मुलांची होती, ही गोष्ट या इतिहासात महत्त्वाची ठरते. संस्थेस पुढे ज्यांचे नाव मिळाले, ते संत स्टॅनिस्लॉस कोस्का (१५५०-१५६८) हे पोलंडमधील उमराव घराण्यातील तरुण होते. घरच्यांचा विरोध डावलून ते व्हिएन्नाहून पायी निघाले आणि रोमला येऊन येशूसंघात दाखल झाले. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. तरुणांचे आश्रयदाते म्हणून कॅथलिक परंपरेत त्यांना मान आहे. घर सोडून आलेल्या या तरुणाचे नाव घर नसलेल्या मुलांच्या संस्थेस मिळावे, हे औचित्यपूर्ण होते.

३. हायस्कूलकडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वांद्रे झपाट्याने बदलले. रेल्वेमुळे ते मुंबईला जोडले गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यानंतर दाट वस्तीतून बाहेर पडणाऱ्या मध्यमवर्गाची पावले उपनगरांकडे वळली. भातशेती, नारळीच्या बागा आणि कोळीवाडे यांच्या जोडीला कचेऱ्यांत नोकरी करणारा गोवन, मंगळुरी आणि ईस्ट इंडियन कॅथलिक वर्ग वांद्र्यात वाढू लागला. १८८७ मध्ये स्थानिक कॅथलिकांनी गोव्याहून आलेल्या कॅथलिकांपासून आपली वेगळी ओळख सांगण्यासाठी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. या स्पर्धेच्या मुळाशी बऱ्याच अंशी सरकारी आणि रेल्वेतील नोकऱ्या होत्या. त्या मिळविण्यासाठी इंग्रजी आणि मॅट्रिकचे प्रमाणपत्र आवश्यक होते.

पहिल्या महायुद्धाने मिशनवर मोठा आघात केला. जर्मन धर्मगुरू ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले; त्यांतील अनेकांना नजरकैदेत ठेवण्यात आले वा मायदेशी पाठविण्यात आले. युद्धानंतर मुंबई मिशनची धुरा येशूसंघाच्या स्पेनमधील अॅरागॉन प्रांताकडे सोपविण्यात आली. या स्थित्यंतरानंतर लगेचच, १९२३ मध्ये, वांद्र्याच्या संस्थेस हायस्कूलचा दर्जा मिळाला. आता परिसरातील मुलांना मॅट्रिकसाठी शहरात जाण्याची गरज उरली नाही. हिल रोडवर सेंट पीटर्स चर्चच्या सान्निध्यात असलेल्या या शाळेच्या परिसरातच ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या धर्मभगिनींची मुलींसाठीची सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट ही शाळाही विकसित झाली. अभ्यासाबरोबर खेळांना, विशेषतः हॉकीला, सेंट स्टॅनिस्लॉसने दिलेले महत्त्व मुंबईच्या क्रीडाक्षेत्रात सर्वश्रुत आहे.

या प्रगतीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ईस्ट इंडियन समाजाची घरची भाषा मराठीची बोली होती. इंग्रजी शाळेने या समाजाला नोकरी आणि प्रतिष्ठा दिली. त्याच वेळी घरातील भाषाही हळूहळू इंग्रजी झाली. वसई परिसरातील कॅथलिकांनी मराठी माध्यमाच्या शाळा दीर्घकाळ चालविल्या आणि तेथे मराठी लिहिणारा, मराठीतून उपासना करणारा ख्रिस्ती वर्ग टिकला. एकाच धर्मपरंपरेच्या या दोन प्रदेशांत झालेला भाषिक फरक शाळेच्या माध्यमाचे सामर्थ्य दाखवून देतो. शाळेने जे दिले त्याची मोजदाद निकालपत्रात होते. तिच्यामुळे जे हातचे गेले त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नाही.

४. ध्येयाची फेरमांडणी

मराठीत ‘मिशन’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. धर्मप्रसारकांचे कार्यक्षेत्र हा एक आणि संस्थेचे ध्येय हा दुसरा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिला अर्थ मागे पडून दुसरा पुढे आला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्र प्रसृत केले. प्रत्येक मानवास शिक्षणाचा हक्क आहे, असे त्यात म्हटले असून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, कुटुंबाच्या आधारास मुकलेले आणि श्रद्धेचे वरदान नसलेले यांच्या गरजांकडे कॅथलिक शाळांनी विशेष लक्ष द्यावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

येशूसंघाचे तत्कालीन प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी १९७३ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात याहून पुढचे पाऊल टाकले. ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ घडविणे हे जेझुइट शिक्षणाचे उद्दिष्ट असल्याचे त्यांनी सांगितले आणि आपल्या शाळांनी माजी विद्यार्थ्यांना न्यायासाठी पुरेसे घडविले नाही, अशी प्रांजळ कबुलीही दिली. श्रोते प्रतिष्ठित वर्गातील होते. त्यामुळे हे बोल अनेकांना झोंबले. १९७४-७५ च्या संघसभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची प्रस्थापना यांची अतूट सांगड घातली. १९८६ मध्ये जेझुइट शिक्षणाच्या वैशिष्ट्यांचे निवेदन आणि १९९३ मध्ये इग्नेशियन अध्यापनपद्धतीची मांडणी प्रसिद्ध झाली. संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन या पाच टप्प्यांच्या पद्धतीत ‘चिंतन’ हा केंद्रबिंदू आहे. विद्यार्थ्याने मिळविलेल्या ज्ञानाचा अर्थ स्वतःच्या आणि समाजाच्या जीवनात शोधावा, असा तिचा आग्रह आहे.

भारतीय वर्गात या ध्येयाचे रूप वेगळे असते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती धर्मीयांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. साहजिकच कॅथलिक शाळांत अन्य धर्मीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी असते. कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षण आणि इतरांसाठी नीतिशिक्षण अशी व्यवस्था या शाळांत रूढ झाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणासही संमतीविना धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. या मर्यादेत राहून मूल्यशिक्षण देणे, हे येथील धर्मगुरू-शिक्षकांपुढील नित्याचे आव्हान आहे.

५. घटनात्मक हक्क आणि नैतिक दायित्व

अनुच्छेद ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि त्यांचे प्रशासन करण्याचा हक्क दिला आहे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने या हक्कास भक्कम आधार दिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेत किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवण्याची तरतूद केली. परंतु २०१२ च्या निर्णयाने विनाअनुदानित आणि २०१४ च्या ‘प्रमती’ निर्णयाने सर्वच अल्पसंख्याक शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय पीठाने ‘प्रमती’ निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवण्याचे निर्देश दिले.

कायद्याचा प्रश्न न्यायालय सोडवील. ध्येयाचा प्रश्न मात्र शाळांनाच सोडवावा लागेल. अल्पसंख्याक संस्थांची स्वायत्तता जपली जावी, ही भूमिका रास्त आहे. शासकीय हस्तक्षेपाचे अनुभव पाहता ती आवश्यकही आहे. परंतु कायद्याने दिलेली सूट आणि गरीब मुलांविषयीची जबाबदारी या भिन्न गोष्टी होत. जी संस्था अनाथ मुलांसाठी जन्मास आली, तिच्या परंपरेतील शाळांना कायदा सक्ती करीत नाही एवढे कारण पुरेसे वाटू नये. वांद्र्यासारख्या परिसरात, जेथे जागेची किंमत गरीब कुटुंबाला केव्हाच बाहेर ढकलते, तेथे शेजारच्या मुलाला प्रवेश देणे म्हणजे गरिबाला प्रवेश देणे, असे समीकरण आता राहिलेले नाही. त्यासाठी जाणीवपूर्वक निर्णय, शुल्कसवलत आणि त्यामागे आर्थिक तरतूद लागते. सोळाव्या शतकातील कायम निधीची जागा आज माजी विद्यार्थ्यांचे साहाय्य घेऊ शकेल.

समारोप

सेंट स्टॅनिस्लॉसच्या वाटचालीत शाळेच्या ध्येयाची चार रूपे दिसतात : अनाथांचा सांभाळ, मध्यमवर्गाची उन्नती, सर्वधर्मीय नागरिकांची घडण आणि न्यायाची जाणीव. ही रूपे एकामागून एक आली, तरी नव्याने जुन्यास रद्द केले नाही. संस्थेची गुणवत्ता वाढली की तिच्याकडे ओघ वाढतो, ओघ वाढला की निवड कठोर होते आणि निवड कठोर झाली की ज्यांच्यासाठी दार उघडले होते तेच बाहेर राहतात. हा क्रम केवळ कॅथलिक शाळांचा नाही. बहुजनांसाठी स्थापन झालेल्या अनेक शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांनाही तो परिचित आहे. म्हणूनच एका मिशनरी शाळेचा हा इतिहास प्रत्येक शिक्षणसंस्थेने आपल्या प्रवेशयादीसमोर ठेवून वाचावा असा आहे. १८६३ मध्ये ज्या मुलासाठी दार उघडले गेले, तो मुलगा आज त्या यादीत कोठे आहे, हे तपासणे हाच ध्येयनिष्ठेचा खरा निकष होय.