वातानुलोमक तेले
वातानुलोमक तेले : जठर व आतडी यांत साठलेला वायू बाहेर पडण्यास मदत करणाऱ्या आणि पोटातील मुरडा शमविणाऱ्या बाष्पनशील (हवेत सहज उडून जाणाऱ्या) वनस्पतिज तेलांना वातानुलोमक तेले म्हणतात. ओवा, बडीशेप, शेपू व पेपरमिंट (पुदिन्याच्या प्रजातीतील एक वनस्पती) यांची तेले या वर्गात मोडतात. ती वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून काढतात. ओव्याच्या फळांत सु. २–४% तेल असते. ओव्याच्या तेलात थायमॉल, बडीशेपेच्या तेलात ॲनेथॉल, शेपूच्या बियांच्या तेलात कार्व्होन व पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल हे प्रमुख घटक होत. पोट दुखू लागल्यास ओवा चावून खाण्याचा व जेवणानंतर बडीशेप चघळण्याचा महाराष्ट्रातील प्रघात या गुणधर्माशी जुळणारा आहे.

कार्य : ही तेले अन्नाचे प्रत्यक्ष पचन करीत नाहीत, ते कार्य पाचक रसांतील एंझाइमांचे आहे. तेलांच्या स्वादाने लाळ सुटते. परंतु त्यांचा मुख्य परिणाम पचनमार्गाच्या भित्तीतील अनैच्छिक स्नायूंवर होतो. हे स्नायू आकुंचन पावण्यासाठी कॅल्शियम आयन कोशिकांमध्ये शिरावे लागतात. मेंथॉल त्यांच्या प्रवेशास अडथळा आणते. परिणामी स्नायू शिथिल होऊन पेटका ओसरतो व कोंडलेला वायू पुढे सरकतो.

मर्यादा : हीच शिथिलता अस्थानी झाल्यास त्रासदायक ठरते. ग्रसिका व जठर यांमधील परिसंकोची स्नायू (द्वार बंद ठेवणारा वर्तुळाकार स्नायू) सैल झाला की, ढेकर येऊन बरे वाटते. पण जठरातील अम्लही वर चढून छातीत जळजळ होऊ शकते. म्हणून आतड्याच्या क्षोभविकारात पेपरमिंटचे तेल जठरात न विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सुलांतून देतात. अशा कॅप्सुलांची कार्डिफ येथील लहानशी चाचणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली व तीत रुग्णांना आराम पडल्याचे आढळले. नेदर्लंड्समधील २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र ठरविलेल्या प्रमुख निकषांवर लक्षणीय लाभ दिसला नाही. यावरून उपयोग लक्षणांपुरता असून मूळ विकार त्याने बरा होत नाही, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

चिमूटभर ओवा खाणे व त्याचे शुद्ध तेल पिणे यांत मोठा फरक आहे. शुद्ध तेल तीव्र असल्याने तोंड व जठर यांचा दाह होतो. तान्ह्या मुलांच्या नाकाशी मेंथॉल लावल्यास श्वास अडण्याचा धोका असतो. तसेच सतत पोटदुखी, वजन घटणे किंवा शौचावाटे रक्त जाणे ही लक्षणे असल्यास केवळ या तेलांवर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.