भूमिकेतून बाहेर पडताना

दिलीपकुमार यांनी पडद्यावर इतकी दुःखं भोगली की ती घरापर्यंत येऊ लागली. 'दीदार'मधला (1951) त्यांचा नायक तर परत मिळालेली दृष्टी स्वतःच्या हातांनी घालवतो. अशा भूमिकांची रांग लागल्यावर मन उदास राहू लागलं, तेव्हा त्यांनी इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञांना गाठलं. सल्ला मिळाला, हलक्याफुलक्या भूमिका करा. मग 'आझाद' (1955) आला, पुढे 'कोहिनूर' (1960) आणि 'राम और श्याम' (1967). 'आझाद'च्याच वर्षी 'देवदास'ही आला, हे महत्त्वाचं. गंभीर भूमिका त्यांनी सोडल्या नाहीत. त्यांची सलग रांग तेवढी मोडली. एवढ्या मोठ्या नटानं हे सगळं आत्मचरित्रात उघडपणे सांगितलं, याचं मोल फार आहे.

रडण्याचा प्रसंग खोटा असला तरी नटाचा श्वास खरोखर चढतो, छाती धडधडते, खांदे आखडतात. रंगभूमीवर हेच प्रयोगामागून प्रयोग होतं. त्यात नट स्वतःच्या आयुष्यातली दुःखं उकरून काढत असेल, तर जुनी जखम दर वेळी ओली होते. अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी अमेरिकेत या भावस्मृतीवर भर दिला. ज्यांच्याकडून ही कल्पना आली, ते रशियन रंगकर्मी स्तानिस्लाव्हस्की मात्र उत्तरायुष्यात शारीरिक कृतींकडे वळले होते.

भूमिकेत शिरायला सगळे शिकवतात, बाहेर पडायला फार थोडे. चिलीच्या सुसाना ब्लोख यांनी श्वास, शरीराची ठेवण आणि चेहरा यांतून भावना जागवण्याची पद्धत बसवली, तेव्हा प्रत्येक सरावाच्या शेवटी भावनेतून बाहेर येण्याची पायरीही ठेवली: श्वास संथ करायचा, चेहरा मोकळा करायचा, उभं राहण्याची ढब बदलायची. आपल्याकडेही प्रयोगानंतर रंग पुसताना, कपडे बदलताना हे सहज करता येईल. घाईनं गाडीत बसण्याआधीची दहा मिनिटं त्यासाठी राखायला हवीत.

सगळा दोष भूमिकेच्या माथी मारणंही चूक. हॉलीवूडचा नट हीथ लेजर 2008 मध्ये गेला तो 'जोकर'च्या भूमिकेमुळे, असं आजही बोललं जातं. प्रत्यक्षात अनेक औषधांच्या एकत्रित परिणामानं झालेला तो अपघाती मृत्यू होता. त्याआधी झोप न लागण्याचा त्रास त्यानं स्वतःच सांगितला होता. ती भूमिका त्यानं मजेत केली, असं त्याच्या बहिणीनं नंतर स्पष्ट केलं. दंतकथेच्या नादात अपुऱ्या झोपेसारखी साधी कारणं मागे पडतात. रोजच्या मालिकांत बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या नटांना तर पात्राइतकंच वेळापत्रक थकवतं. पुढचं काम मिळेल की नाही, हा घोर वेगळाच.

म्हणूनच ही जबाबदारी एकट्या नटाची नाही. अत्याचाराचा प्रसंग किती वेळा करून घ्यायचा, त्यानंतर लगेच विनोदी दृश्य लावायचं का, हे दिग्दर्शक आणि निर्माताच ठरवतात. आणि उदासी आठवडे उलटूनही हटत नसेल, तर नटानं संकोच न करता मदत मागावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.