ड्रॅसिनाला पाणी नव्हे, वाफसा द्या

आष्टी तालुक्यात संत्र्याचं झाड कसं जगवावं हे कुणी येऊन शिकवण्याची गरज नाही. पण त्याच संत्रा बागायतदाराच्या ओसरीत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवलेला ड्रॅसिना मात्र बरेचदा माना टाकतो. सत्काराला हारतुऱ्यांऐवजी कुंडीतलं रोप देण्याची पद्धत आता गावोगावी आली आहे आणि त्या रोपांत ड्रॅसिना हमखास असतो. रोप पैसे मोजून घेतलेलं, कौतुकानं दिलेलं. ते मरतं, पण बहुतेक वेळा तहानेनं नाही, पाण्यानं मरतं.

ओळख करून घ्या

ड्रॅसिनाच्या बहुतेक जाती मूळच्या आफ्रिकेतल्या. मक्यासारखी रुंद पानं आणि मधोमध पिवळा पट्टा असलेली जात सर्वांत जास्त दिसते. 'साँग ऑफ इंडिया' नावाच्या जातीचं नाव भारताचं असलं तरी तिचं मूळ मादागास्कर व हिंदी महासागरातल्या बेटांवर आहे. दुकानात काचेच्या भांड्यात मिळणारा 'लकी बांबू' हा बांबू नाहीच, तोही ड्रॅसिनाच. स्नेक प्लांट म्हणून विकलं जाणारं उभ्या, जाड पानांचं झाडसुद्धा शास्त्रज्ञांनी अलीकडे ड्रॅसिनातच घातलं आहे.

डिंक्या आठवा

संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या येतो, म्हणून आपण दुहेरी आळं करतो आणि पाणी खोडाला लागू देत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. कुंडीतला न्याय वेगळा नाही. माती सतत ओली राहिली की मुळ्या कुजतात, खालची पानं पिवळी पडतात, खोड बुडाशी मऊ लागतं. पानं लोंबलेली पाहून घरच्यांना वाटतं झाड तहानलं, आणि ते आणखी तांब्याभर पाणी ओततात. तिथेच झाड संपतं.

उपाय सोपा आहे. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली तर पाणी देऊ नका. कोरडं लागलं तरच द्या, आणि तेही खालच्या छिद्रातून निथळेपर्यंत. बशीत साचलेलं पाणी फेकून द्या. साधारणपणे उन्हाळ्यात पाच-सात दिवसांनी, पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी आणि हिवाळ्यात दोन आठवड्यांनी पाणी पुरतं. पण दिवस मोजण्यापेक्षा बोटावर भरवसा ठेवा.

कार्यालयातल्या कुंडीची गोष्ट निराळी. शिपाई सकाळी पाणी घालतो, पाहुणा ग्लासातलं उरलेलं ओततो, कुणी चहाचा कपही रिकामा करतो. सरपंच आणि सचिवांनी पाण्याचं काम एकाच माणसाकडे द्यावं, बाकीच्यांनी हात लावू नये.

माती आणि पाण्याची प्रत

वावरातली काळी माती कुंडीत भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. पोयट्याची हलकी माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि जाड रेती सारख्या भागात घ्या. कुंडीच्या छिद्रावर खापरीचा तुकडा उलटा ठेवा.

पानांची टोकं तपकिरी होऊन वाळत असतील तर पाण्याकडे बघा. ड्रॅसिनाला क्षार आणि फ्लोराइड सोसत नाही. बोअरच्या पाण्यात ही दोन्ही असू शकतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतं, फ्लोराइड जात नाही. उकळूनही जात नाही. म्हणून पन्हाळीचं पावसाचं पाणी ड्रममध्ये झाकून ठेवा आणि तेच वापरा. सुपर फॉस्फेट बागेत चालतं, पण या कुंडीत टाकू नका, त्यातही फ्लोराइड असतं. मातीवर पांढरा थर दिसला तर कुंडी अंगणात नेऊन भरपूर गोड्या पाण्यानं धुऊन काढा.

ऊन, कूलर, थंडी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन पानं भाजून काढतं. वर्तमानपत्र सहज वाचता येईल एवढा उजेड असलेली जागा निवडा. कूलरचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री कुंडी उघड्या दारापासून आत सरकवा.

खत, कीड आणि नवं रोप

१९:१९:१९ हे ठिबकमधून देतो तेच विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम घेऊन जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पुरे. हिवाळ्यात खत नको. पानामागे लाल कोळी किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पुसा, गरज पडल्यास निंबोळी तेल वापरा. वावरातलं कीटकनाशक घरात मारू नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले; ते उघड्या रानात घडलं होतं, बंद खोलीत धोका किती वाढेल याचा विचार करा.

झाड उंच झालं तर पावसाळ्यात शेंडा छाटा. १९४२च्या हुतात्म्यांचा आपला १६ ऑगस्टचा दिवस येईपर्यंत हे काम उरकलेलं बरं. खोडाचे चार-सहा इंचांचे तुकडे ओलसर रेतीत लावा, महिना-दोन महिन्यांत मुळ्या फुटतात. छाटलेल्या जागी बहुधा दोन नवे फुटवे येतात. पुढच्या सत्काराचं रोप असं घरचंच तयार होतं.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा

पहिली: ड्रॅसिनाची पानं कुत्र्या-मांजरांना बाधतात, उलट्या होतात. छाटलेली पानं गुरा-शेळ्यांपुढेही टाकू नका.

दुसरी: हे झाड घरातली हवा शुद्ध करतं, असं सांगून विकलं जातं. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं बंद पेटीत केलेल्या प्रयोगावरून ही समजूत पसरली. २०१९ मधल्या एका फेरतपासणीत असं दिसलं की, नेहमीच्या खोलीत खिडकी उघडल्याइतका फरक पडायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, कदाचित त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा चुलीच्या धुरावर औषध म्हणून कुंडी ठेवू नका, खिडकी उघडा.

ड्रॅसिना शोभेसाठी ठेवा, आणि पाण्याचा तांब्या उचलण्याआधी बोट मातीत घाला. संत्र्याला ताण कधी द्यायचा हे ज्याला कळतं, त्याला एका कुंडीचा वाफसा कळायला किती वेळ लागतो?